चंद्रकांताची साखर काहून चढली

चंद्रकांता सोनकुसरेला प्रश्न पडला की तिचा हात थांबतो, आणि हात थांबला की धागा तुटतो. कोशाचं सूत काढणाऱ्या बाईला ही खोड बरी नव्हे. मोहाडीपासून आठेक किलोमीटरवर, तलावाच्या पाळीखाली, कोष्ट्यांची वीस-बावीस घरं आहेत. तिथल्या बायका सोड्याच्या पाण्यात उकळलेले कोसे परातीत घेऊन ओसरीवर बसतात, चार-पाच कोशांचे तंतू एकदम ओढतात आणि डाव्या मांडीवर तळहाताने वळत वळत त्यांचं एक सूत करतात. बाकीच्यांचे हात आणि तोंड जोडीने चालतात. चंद्रकांताचा आवाज आला की समजायचं, हिचा धागा तुटला.

"आज कायचं निघालं?" शेजारची सुशीलाबाई मान न वळवता विचारते.

"हा कोसा पान्यात बुडते, आन् हा तरंगते. दोघं एकाच झाडाचे. काहून?"

"तुले इचाराचा पगार देते का कोनी?"

"नाई. फुकटच इचारून राहिली."

"मंग मनातल्या मनात इचार माय. माझाबी धागा तोडशीन."

चंद्रकांताचं वय अडतीस. आठवीत असताना एका महिन्यात ती वाळून काडी झाली होती. सारखी तहान, आणि तहानेच्या मागोमाग लघवीला पळापळ. आई मनकर्णाबाईने आधी तिची नजर उतरवली, मग भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: अंगात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी असतात. अंगाची राखण करणाऱ्या शिपायांनी त्याच पेशींना शत्रू समजून मारून टाकलं. आता इन्सुलिन बाहेरून घ्यायचं. सुईने. सकाळ-संध्याकाळ. जन्मभर.

मनकर्णाबाईने पदर डोळ्यांना लावला. पोरीने विचारलं, "पन शिपायाईले आपलं-परकं ओळखू काहून नाई आलं?"

"ते अजून कोणालाच पुरतं कळलेलं नाही बेटा," डॉक्टर म्हणाले.

चौदा वर्षांची चंद्रकांता त्या दिवशी घरी येईपर्यंत एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत बसली. आईला वाटलं, पोर खचली. पोर शिपायांचा विचार करत होती.

लग्न होऊन ती या गावात आली, सूत काढायला बसली, आणि एक नवंच लचांड सुरू झालं. काही काही दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटायचा, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, जीभ जड व्हायची. साखर पडायची. तीच भाकर, तीच भाजी, तेवढंच इन्सुलिन. मग सोमवारी साखर पडते आणि मंगळवारी नाही, असं का? चंद्रकांताने आठ दिवस नवऱ्याला न सांगता एक खेळ केला. एक दिवस सुई डाव्या मांडीत, एक दिवस उजव्या, एक दिवस पोटात. डाव्या मांडीत घेतली त्याच दिवशी घाम. डावी मांडी, म्हणजे जिच्यावर ती सकाळपासून सूत वळत होती, ती. चोळून चोळून औषध लवकर रक्तात उतरत होतं.

हे तिने भंडाऱ्याच्या डॉ. अश्विनना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून पुढे सरकले. "हे पुस्तकात आहे. पण माझ्या एकाही पेशंटने स्वतः शोधून काढलेलं नाही."

"पुस्तकात हाय तं मले पयलेच काहून नाई सांगतलं जी?"

 तेव्हापासून सुई पोटात.

असं तिचं. आणि तिचा नवरा इश्वर अगदी उलट. मागावर बसून कोशाचं लुगडं विणणारा मऊ काळजाचा माणूस. बायकोच्या आजाराची त्याला धास्ती होती, आणि धास्ती वाटली की तो प्रश्न विचारत नसे, कामाला लागत असे. आधी करायचं, मग सांगायचं. तेही कोणी विचारलं तर. घरात फ्रीज नव्हता. इन्सुलिनच्या शिशीसाठी मोठ्या मडक्यात ओली रेती आणि त्या रेतीत छोटं झाकणाचं गाडगं अशी सोय त्यानेच केली होती. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा तो रेतीवर पाणी शिंपडायचा. शिंपडताना मडक्याशी बोलायचा, असं सुशीलाबाईचं म्हणणं होतं.

मग दोन हजार एकवीसचा एप्रिल आला. गावातून पंधरा दिवसांत तीन जण गेले. त्यातल्या दोघांना साखर होती. त्यांची साखर उतारवयातली, चंद्रकांतासारखी नव्हे. पण कोरोना काही कागदपत्रं तपासून घरात शिरत नव्हता. ओसरीवरचं बसणं बंद झालं. आपापल्या दारात बसून बायका सूत काढू लागल्या, आणि चंद्रकांताला विचारायला कोणी उरलं नाही. तिने डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, लस म्हन्जे शिपायाईले जागं करनं ना?"

"हो, साधारण तसंच."

"माझ्या शिपायाईनं माझ्याच पेशी खाऊन टाकल्या. त्याईले आता आनखीन जागं केलं, तं ते काय खातीन?"

 डॉक्टर हसले. "चांगला प्रश्न आहे. जे खायचं होतं ते त्यांनी चोवीस वर्षांपूर्वीच खाल्लंय. लस त्यांना एका ठरावीक विषाणूचा चेहरा दाखवते. तुझ्यासारख्या लोकांना लस देतायत. आतापर्यंत जे पाहण्यात आलंय त्यात त्यांना इतरांपेक्षा जास्त अपाय झालेला दिसत नाही. एक होऊ शकतं. ताप आला, अंग दुखलं, तर एक-दोन दिवस साखर वर-खाली होईल. तपासत राहा, पाणी पी, इन्सुलिन बंद करू नको. आणि कोरोना झाला तर तुझी साखर काय करेल, त्याची मला जास्त भीती वाटते."

"एक-दोन दिवस?"

"एक-दोन दिवस."

ही मुदत तिने मनाशी गाठ मारून ठेवली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शेतात धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायची गडबड चालू असताना, मंगळवारी गावच्या शाळेत लसीचं शिबिर लागलं. उपकेंद्राच्या नर्स प्रतिक्षा सिस्टर निळा डबा खांद्याला अडकवून आल्या. मूळच्या अड्याळच्या, तिशीच्या आतल्या, आवाज शाळामास्तरचा. इश्वर बायकोसोबत रांगेत होता. त्याचंही नाव होतं. सिस्टरने डब्याचं झाकण उघडलं तसा तो मान लांब करून आत पाहू लागला. चारी बाजूंनी बर्फाच्या, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या प्लॅस्टिकच्या, पट्ट्या आणि मधोमध लसीच्या शिश्या.

"बरफात ठेवतेत का जी?"

"मग काय उन्हात ठेवू? हात सैल सोडा काका."

सुई टोचून झाली तरी इश्वर डब्याकडेच बघत होता.

त्या संध्याकाळी चंद्रकांताला ताप भरला. साखर मोजायच्या मशीनवर दोनशे दहा. बुधवारी दिवसभर अंग मोडून आलेलं, साखर एकशे नव्वद ते दोनशे वीसच्या मधे. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. बुधवारी रात्री ताप उतरला. जुनी शिशीही त्याच रात्री संपली. गुरुवारी सकाळी तिने गाडग्यातून नवी शिशी काढली, तळहातांत घोळवली आणि सुई घेतली. बिनतापाचं, हलकं अंग घेऊन ती सूत काढायला बसली. वाटलं, सुटलो.

गुरुवारी संध्याकाळी दोनशे नव्वद.

शुक्रवारी सकाळी तीनशे चाळीस. दुपारी तीनशे सत्तर. तहान परत आली, चौदाव्या वर्षीची तीच तहान. तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी चार युनिट वाढवायला सांगितलं, उलटी झाली किंवा दम लागला तर एक क्षण थांबायचं नाही म्हणाले, आणि उद्या सकाळी कमी नसेल तर भंडाऱ्याला ये, असं बजावलं.

सुशीलाबाई कुंपणापलीकडे उभीच होती. "मी म्हनतच होतो. बाधली लस. साध्या मानसाले चालते, तुले नाई चालत."

"ताप होता तवा दोनशे. ताप गेला तं पावनेचारशे. उलटं नाई का झालं?"

"त्यात काय उलटं? लस हळूहळू चढते."

"कोनं सांगतलं?"

"कोनं कायले सांगाले पायजे? दिसून नाई राहिलं का?"

इश्वरने तर एका वाक्यात निकाल लावला. "दुसरी लस नाई म्हन्जे नाई."

चंद्रकांता भिंतीला टेकून बसली. तोंड कोरडं, डोळे जड, पण आत काहीतरी टक्क जागं होतं. तिला दुसऱ्या डोसाचा निर्णय घ्यायचा होता, आणि तो 'दिसून राहिलं' एवढ्यावर होणार नव्हता. साखर लसीने चढली असेल, तर दुसरी लस घेणं म्हणजे विहिरीत उडी. लसीने चढली नसेल आणि तिने घाबरून लस सोडली, तर पुढच्या लाटेत एप्रिलमधल्या त्या दोघांच्या रांगेत तिसरी ती. दोन्हीकडे जीवच. म्हणून कोणी काय सांगतं यापेक्षा साखर काहून चढली हे कळायला हवं होतं.

"इकडं या," ती इश्वरला म्हणाली. "बोट द्या."

"माझं कायले?"

"मशीन खोटं बोलून राहिली का, ते पायतो."

इश्वरची साखर एकशे चार निघाली. मशीन खरी होती. भाकर तीच, भाजी तीच. सुई पोटातच. रात्री कंदिलाच्या उजेडात शिशी घोळवताना तिला वाटलं, औषध नीट मिसळत नाही. पण दिवे गेलेले, डोळ्यांना अंधारी. तिने मनावर घेतलं नाही.

शनिवारी सकाळी तीनशे अठ्ठ्याऐंशी. इश्वरने मोटारसायकल काढली. चंद्रकांताने पिशवीत मशीन, चालू शिशी आणि जुनी शिशी घेतली. जुनीच्या तळाशी सुईत न येणारं थोडं औषध उरलं होतं. नाव दाखवायला बरी पडते म्हणून ती जपून ठेवायची.

शाळेत त्या दिवशी पुन्हा शिबिर होतं. "दोन मिनिटं थांबवा," ती मागून म्हणाली. "सिस्टरले इचारून येतो."

"तुले भंडाऱ्याले न्यायचं हाय का गावभर इचारत फिराचं हाय?"

"दोन मिनिटं जी."

प्रतिक्षा सिस्टर व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. समोर बर्फाच्या सहा-सात पट्ट्या मांडलेल्या. त्यातली एक उचलून त्यांनी कानाशी धरली आणि हलवली. खाली ठेवली. दुसरी उचलली, कानाशी हलवली. चंद्रकांता आपलं दुखणं विसरली.

"हे काय करून राहिल्या सिस्टर? बरफ का बोलते का?"

"बोलतो ना. आतून पाणी खळखळलं पाहिजे. एकदम गोटा झालेला बर्फ डब्यात टाकला तर लस गोठते. गोठली की गेली कामातून."

"म्हन्जे लस बरफात नाई ठेवत?"

"बर्फाजवळ ठेवतो, बर्फ होऊ देत नाही. तुमचा चेहरा असा का उतरलाय?"

चंद्रकांताने सगळं सांगितलं: ताप, तापातली साखर, तापानंतरची साखर. सिस्टरचा हात थांबला. "तीनशे अठ्ठ्याऐंशी? आणि तुम्ही इथं उभ्या राहून बर्फाच्या गोष्टी करताय? उलटी? पोटात दुखतंय?"

"नाई. एकच सांगा. गोठून पातळ झालेली लस ओळखू येते का?"

"सगळ्या लसींची नाही येत. पण बाळांच्या काही लसी दुधाळ असतात, त्यांची येते. एक चांगली, एक संशयाची, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. गोठलेली असते ती लवकर फाटते. वर पाणी, खाली गाळ."

दुधाळ. तिचं इन्सुलिनही दुधाळच होतं. चंद्रकांताने पिशवीत हात घातला आणि दोन्ही शिश्या बाकावर ठेवल्या.

"इन्सुलिनचं मला सांगता येणार नाही हं," सिस्टर म्हणाल्या. "ते डॉक्टर सांगतील."

"पायाले काय जाते?"

पाहायला काही जात नव्हतं. सिस्टरने एक शिशी घेतली, चंद्रकांताने एक. दोघींनी तळहातांत सारख्याच वेळा घोळवल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. लसीच्या रांगेतली माणसं पुढे सरकली. सुशीलाबाईसुद्धा होती, लस घ्यायला नव्हे, कोण कोण घेतं ते बघायला. इश्वर गाडी बंद करून व्हरांड्याच्या पायरीवर आला.

जुन्या शिशीच्या तळाशी होतं तेवढं औषध ताकासारखं एकसारखं पांढरं राहिलं. नवीत बघता बघता वर निवळ पाणी दिसू लागलं. खाली पांढरा चुरा बसला, आणि काचेला आतून बारीक कण चिकटून राहिले; दूध नासल्यावर भांड्याला राहतात तसे.

"बाप्पा!" रांगेतून कोणीतरी म्हणालं.

चंद्रकांता वाकून, नाक शिशीला लागेल इतक्या जवळून बघत होती. "हे गोठलं होतं," ती हळू म्हणाली. "पन मडक्यात कसं गोठन? जूनमंदी?"

 पायरीवरून इश्वरचा आवाज आला, आणि तो त्याच्या नेहमीच्या आवाजापेक्षा निम्मा होता.

"मडक्यात नोयती."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"मंगळवारी पायलो ना मी. लसीले केवढी बरफाची गादी! आन् तुही जन्माची दवाई फुटक्या मडक्यात. मले कसंतरी वाटलं. नव्या दोन शिश्या आनल्या होत्या, त्या सुशीलाबाईच्या फ्रीजमंदी नेऊन ठेवलो. वरच्या खनात."

"वरच्या? बरफ होते त्या?"

"थंडी तिथंच जास्त लागते ना."

"आन् मंग?"

"बुधवारी एक काढून आनलो. दगडावानी झाली होती. मले वाटलं, झकास थंड झाली. गाडग्यात ठेवलो, सांजपर्यंत पातळ झाली."

"मले सांगतलं काहून नाई?"

"तुले ताप होता."

"तापात कान बंद होतेत का मानसाचे?"

रांगेत हसू फुटलं. इश्वर हसला नाही. पायरीवर बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. सुशीलाबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दोन दिवस गावभर लस बाधल्याची बातमी तिने पोचवली होती, आणि शिशी गोठली होती तिच्याच फ्रीजमध्ये.

"माह्या फ्रीजमंदी?" ती म्हणाली. "अजून एक हाय तिथं! मी तं मुकाट्यानं कुल्फीचे साचे बाजूले केले, म्हटलं राहू दे, बिमार बाईची दवाई हाय."

"आना पाहू," सिस्टर म्हणाल्या.

सुशीलाबाई धावत गेली आणि पदरात धरून दुसरी शिशी घेऊन आली. शिशी पांढरी ठणठणीत. सिस्टरने ती बाकाच्या कडेवर वाजवली. टक्क आवाज आला. आता कोणाला काही विचारायचं उरलं नव्हतं. चंद्रकांता सोडून.

"सिस्टर, दगडाची पातळ झाली तं पयल्यासारखी काहून नाई होत? पानी तं होते."

"बाई, आधी डॉक्टरला फोन लावा!"

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि एकेक शब्द तोडून सांगितलं: गोठलेल्या दोन्ही शिश्या फेकून दे. मोहाडीच्या दुकानातून नवी घे. डोस जुनाच घ्यायचा, वाढवलेला अजिबात नाही. मेलेल्या औषधाचा डोस वाढवला होता, जिवंत औषधाचा तेवढा घेतलास तर साखर एकदम कोसळेल. मोहाडीच्या दवाखान्यात लघवी तपासून मला कळव. दर दोन-तीन तासांनी मशीन लाव.

मोहाडीच्या दवाखान्यात इन्सुलिन कमी पडल्यावर येणारं कीटोन लघवीत थोडं निघालं, पण डॉक्टर फोनवर म्हणाले, पाणी पीत राहिलीस तर घरी राहून चालेल. नवी शिशी दुकानातल्या फ्रीजच्या खालच्या खणातून आली. इश्वरने दुकानदाराला तीनदा विचारलं, "वरच्या खनातली तं नाई ना?" चौथ्यांदा विचारलं तेव्हा दुकानदाराने त्याला फ्रीज उघडून दाखवला. मग त्याने शिशी ओल्या फडक्यात गुंडाळून शर्टाच्या आत धरली आणि गाडी चंद्रकांताला चालवायला सांगितली. तिला चालवता येत नव्हती. शेवटी शिशी तिच्याकडे दिली.

संध्याकाळी दोनशे बासष्ट. रात्री एकशे नव्वद. रविवारी सकाळी एकशे अठ्ठेचाळीस.

इश्वरने शनिवारी रात्री जेवण केलं नाही. चंद्रकांताने ताट त्याच्यासमोर दुसऱ्यांदा सरकवलं.

"खा जी."

"मी तुले मारत होतो."

"काळजीनंच ना?"

"काळजीनं मेलेला मानूस का जिवंत होते?"

तिने भाकर मोडून त्याच्या ताटात ठेवली. मग म्हणाली, "येक करा. पुढं काही कराचं असन तं पयले इचारा. इचाराची लाज वाटत असन तं मी शिकवतो. मले चांगलं येते ते काम."

तो हसला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. तिने पाणी दिलं. त्याने जेवण केलं.

गावाला मात्र 'लस बाधली' हीच बातमी पुरली होती, कारण ती लहान होती आणि तोंडात मावत होती. खरी गोष्ट लांब होती. चंद्रकांता ती भेटेल त्याला सांगू लागली. मंगळवारपासून सुरू करून शनिवारपर्यंत, मधे कोणी उठलं तर पुन्हा मंगळवारपासून. सुशीलाबाई वैतागली. "अवो, म्हन्जे आता लस सुटली आन् माहा फ्रीज बदनाम झाला!"

"फ्रीजचा काय दोष? वरचा खन बरफ कराचं आपलं काम करून राहिला होता."

"असं सांग ना मंग लोकाईले. फ्रीज निर्दोष हाय म्हना."

तेही चंद्रकांता सांगू लागली.

पण तिच्या मनात एक खुंटी मोकळीच होती. गोठलेल्या शिशीने गुरुवारपासूनची साखर समजली. मंगळवार-बुधवारची दोनशे दहा, दोनशे वीस तेवढी उरली. तेव्हा शिशी जुनीच, चांगलीच होती. ती साखर लसीची, की तापाची, की भीतीची? डॉक्टर म्हणाले, ताप आला की साखर चढते, ताप लसीने आला, म्हणजे लसीचीच म्हण. "एवढी चालेल ना तुला?"

"एवढी चालन," ती म्हणाली. "एवढी तं मामाच्या घरचं लग्न जेवलं तरी चढते."

बारा आठवडे झाले. पोळा होऊन गेला. गणपतीही गेले होते, धान हिरवंगार उभं होतं, आणि शाळेत पुन्हा डबा आला. आदल्या रात्री इश्वर अंथरुणावर दोनदा उठून बसला. सकाळी त्याने विचारलं. खरोखर विचारलं, आयुष्यात फार वेळा न केलेली गोष्ट केली.

"जायचंच हाय का?"

"तुमाले काय वाटते?"

"मले भीती वाटते."

"मलेबी थोडीशी वाटते. पन आता कायची वाटून राहिली ते तरी ठाऊक हाय." तिने दोन बोटं वर केली. "दोन दिवस. दोनच्या वर गेली, तं मीच म्हनीन लस बाधली. गावभर सांगीन."

प्रतिक्षा सिस्टरने तिला बघून रजिस्टर बाजूला ठेवलं. "आज काय घेऊन आलात पिशवीतून?"

"मशीन. तुमच्यासमोर येकदा मोजतो, मंग टोचा. म्हन्जे सुरुवात कुठून झाली ते कळन."

एकशे बेचाळीस. सिस्टरने सुई टोचली. चंद्रकांता दंडाकडे बघत राहिली. बाकीच्या बायका तोंड फिरवतात.

संध्याकाळी अंग तापलं. दोनशे चार. इश्वरने मागाचं काम सोडलं आणि तिच्याजवळ येऊन बसला. रात्री एकशे अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप गेला, एकशे सत्तर. संध्याकाळी एकशे पंचावन्न. इश्वर प्रत्येक आकडा ऐकायचा आणि तिच्यासाठी पाणी आणायला उठायचा. तिसऱ्या सकाळी तिने बोट टोचलं, पट्टीवर रक्ताचा थेंब लावला आणि मशीन त्याच्या हातात दिली.

"वाचा."

त्याने ती उजेडाकडे धरली.   "येकशे अडतीस."

"झालं. दोन दिवसांच्या आत."

इश्वरने मशीन मांडीवर ठेवली. "म्हन्जे जूनमंदी लसीचा काहीच दोष नोयता? सारा माहाच?"

चंद्रकांताने विचार केला. त्याला बरं वाटावं म्हणून नाही, बरोबर मांडणी व्हावी म्हणून. बोटं मोजली.

"नाई. लसीचा दीड दिवस हाय. बाकीचे तीन तुमचे."

"तीन नोयते. अडीच," इश्वर म्हणाला. "गुरुवारी सकाळी तं मी मागावर होतो."

"शिशी तं गुरुवारी सकाळीच उघडली मी. तुमी कुठंबी असा."

"बरं, तीन," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी पाणी तापवायला उठला. चुलीपाशी जाऊन परत वळला. "आंघोळीले कोमट लागते का गरम? इचारून राहिलो."